कुठल्या वहीतलं कर्ज?

पावसाळ्याच्या तोंडाला शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर मी प्रार्थनेला बसलो होतो. होय, मीच. बौद्धवाड्यातला, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला. मला कुणी बाटवायला नेलं नव्हतं. माझा चुलतभाऊ तिथं दर रविवारी ढोलकी वाजवतो. तो म्हणाला, "दादा, एकदा ये तरी. न बघता शिव्या नको देऊस." म्हणून गेलो.

पत्र्याची शेड, खाली ताडपत्री. माणसं वीटभट्टीवरनं नुकतीच परतलेली. पोरांच्या केसांत अजून लाल धूळ. प्रचारक कल्याणकडचा, तरुण, बोलायला गोड. त्यानं विषय काढला रक्ताचा. म्हणाला, तुम्ही सगळे कर्जदार आहात. पापाचं कर्ज. मरेपर्यंत राबलात तरी फिटायचं नाही. पण येशूनं वधस्तंभावर रक्त सांडून तुमचं सगळं कर्ज फेडून टाकलंय. तुम्ही फक्त विश्वास ठेवा. देव तुम्हाला नीतिमान ठरवतो, तुम्ही मोकळे.

मागं भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "कुठल्या वहीतलं?"

प्रचारकाला कळेना. म्हातारा म्हणाला, "शेठच्या वहीतलं का तुझ्या देवाच्या? शेठच्या वहीत माझे अठरा हजार. दिवाळीनंतर गेलो, आत्ता आलो. मी राबलो, बायको राबली, सून राबली. उचल होती तेवढीच आहे, वर तीन हजार चढले. ते फिटले का?"

प्रचारक म्हणाला, "बाबा, मी सांगतोय ते याच्यापेक्षा मोठं कर्ज आहे."

"मग लहान आधी फेड," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला.

दोस्तहो, मी वाडीवरनं परतलो तो हा प्रश्न डोक्यात घेऊन. त्यावरच हे लिहितोय.

लिहिण्याआधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो. धर्मांतर झालं म्हणून प्रार्थना उधळायला जे काठ्या घेऊन येतात, त्यांच्या ओळीत मला उभं करू नका. ज्यांच्या बापजाद्यांनी आम्हाला पाणवठ्याला शिवू दिलं नाही, त्यांना आज आमच्या धर्माची फार काळजी. माणसानं कुठला धर्म घ्यावा हा त्याचा प्रश्न. १९३५ साली येवल्याला आणि १९५६ साली नागपूरला आपण तोच हक्क बजावला. तो आपला, तसा कातकऱ्याचाही. माझं भांडण प्रार्थनेशी नाही, येशूशी तर नाहीच. माझं भांडण एका हिशेबाशी आहे.

तो हिशेब असा. माणूस जन्मतःच गुन्हेगार. गुन्हा देवाविरुद्ध, म्हणून शिक्षा मरणाची. देव न्यायी, त्याला शिक्षा सोडता येत नाही. देव दयाळू, त्याला माणूस मारायचा नाही. मग आपला निर्दोष मुलगा त्यानं माणसाच्या जागी उभा केला. शिक्षा त्यानं भोगली, पुण्य आपल्या खात्यावर जमा. यावर विश्वास ठेवला की कोर्टानं जाहीर करायचं : आरोपी निर्दोष. आरोपी आतून बदललाय म्हणून नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं भरलंय म्हणून.

हे सगळं कोर्टाचं आणि पेढीचं बोलणं आहे. पौलानं रोमकरांस जे पत्र लिहिलं त्यात 'गणलं जाणं' हा शब्दच हिशेबातला. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म यानं त्याला सरंजामी चौकट दिली. गुन्हा केवढा? ज्याचा अपमान झाला त्याच्या दर्जाएवढा. देव अनंत मोठा, म्हणून अपमान अनंत, म्हणून भरपाईही अनंत. वाचताना मला हे कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं. मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडा. तिथंही गुन्ह्याचं माप गुन्ह्यावरनं नाही, तो कुणाविरुद्ध झाला त्याच्या वर्णावरनं. दोन्हीकडं वरच्याची इज्जत महाग, खालच्याचं अंग स्वस्त. पुढं सोळाव्या शतकात कॅल्विननं त्याला फौजदारी कायद्याचं रूप दिलं. तो शिकला होताच कायदा.

आता कॅथलिक आणि लुथरपंथी यांच्यात भांडण होतं ते याच्यावर, की निर्दोष ठरायला नुसता विश्वास पुरे की सोबत कृतीही लागते. १५१७ साली लुथरनं सुरुवात केली आणि १९९९ साली ऑग्सबर्गला दोघांनी मिळून समझोत्याच्या कागदावर सह्या केल्या. त्या भांडणात किती माणसं मेली त्याची गणती नाही. पण एवढ्या शतकांत दोन्ही बाजू एका गोष्टीवर कायम एकमत होत्या : समोर उभा आहे तो आरोपी.

इथंच मी हात वर करतो. साहेब, आम्ही आरोपी नाही. आम्ही फिर्यादी आहोत.

कातकऱ्यानं देवाचा काय गुन्हा केला? जंगलात कात काढणारी जमात. जंगल सरकारचं झालं, मग हा भुईवर आला आणि भुई आधीच दुसऱ्याच्या नावावर. सरकार आज त्याला आदिम जमात म्हणतं, महाराष्ट्रात अशा तीनच : कातकरी, कोलाम आणि माडिया. आणि महारानं काय गुन्हा केला? माझा आजा गावचा येसकर होता. रात्री गावाची राखण, दिवसा सरकारी टपाल, मेलेली ढोरं ओढायची आणि भाकरीला दारोदार हाळी. या माणसाला सांगायचं की तुझं दुःख तुझ्या पापातून आलंय, आणि वर सांगायचं की माफी मिळालीय, आनंद कर. कसली माफी? माफी द्यायचा हक्क कुणाचा आहे? मार खाल्लेल्याचा. त्याला विचारलंय का कुणी?

बाबासाहेबांनी याच जागेवर बोट ठेवलंय. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या स्थितीवर त्यांचं इंग्रजी लिखाण आहे, सरकारनं काढलेल्या पाचव्या खंडात १९८९ साली छापून आलं. आपल्यातल्या फार थोड्यांनी ते वाचलंय. त्यात ते मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचं मोल मान्य करतात. पण मूळ पापाच्या शिकवणीला समाजाच्या दृष्टीनं ते अनर्थकारक म्हणतात. कारण माणूस पडतो तो वाईट परिस्थितीमुळं, पापामुळं नाही. हिंदू असताना अस्पृश्याला शिकवलं की तुझी गत तुझ्या गेल्या जन्माच्या कर्मानं झाली. ख्रिस्ती झाल्यावर शिकवलं की ती पूर्वजाच्या पापानं झाली. दोन्ही ठिकाणी गावचा पाटील, सावकार, भट साफ सुटला. फिर्यादीनं स्वतःच्याच छातीवर हात मारत बसायचं.

आणि ख्रिस्ती होऊन तरी काय पदरात पडलं? महारांची ओळ आणि मांगांची ओळ देवळातही वेगळी राहिली. सरकारनं १९५० च्या राष्ट्रपती आदेशात अनुसूचित जाती म्हणजे हिंदूच असं ठरवलं. शीख १९५६ साली आत आले, बौद्ध १९९० साली. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहे. देवानं त्याला नीतिमान ठरवलं असेल, तहसीलदारानं ठरवलेलं नाही.

शब्दांकडं बघा. मराठी बायबलात या सिद्धांतासाठी जे शब्द आले ते कुठून आले? 'प्रायश्चित्त'. हा मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायाचा शब्द. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर जो शब्द आला तोच. मिशनरीच्या घरी चहा प्यायल्याबद्दल ब्राह्मणानं प्रायश्चित्त घ्यायचं आणि त्याच मिशनरीनं महाराला सांगायचं की तुझं प्रायश्चित्त येशूनं घेतलं. कसा मेळ बसतो बघा. मराठी नवा करार सेरामपूरला १८११ साली छापला. शब्द निवडायला साहेबाच्या शेजारी पंडित बसलेला होता. शास्त्राचा शब्द शास्त्राचं ओझं घेऊनच येतो. पंडिता रमाबाईंना हे खुपलं होतं, म्हणून केडगावला त्यांनी साध्या बायांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल नव्यानं केलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली, १९२२ साली गेल्या. पण वाडीवर आलेल्या प्रचारकाच्या हातात रमाबाईंचं बायबल नव्हतं.

दुसरा शब्द 'खंडणी'. येशूनं आपला प्राण खंडणी म्हणून दिला. च्यायला, खंडणी कोण घेतं? आपल्याला माहीत आहे कोण घेतं. कल्याण-भिवंडीला दुकान टाकून बघा. बिचाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंडितांनाही हा प्रश्न पडला होता की खंडणी गेली कुणाच्या खिशात, सैतानाच्या की देवाच्या? सैतानाला दिली म्हणावं तर देव सैतानाचा देणेकरी. देवाला दिली म्हणावं तर बापानंच पोराचं रक्त घेतलं. बाराव्या शतकात पॅरिसचा पीटर अबेलार यानं सरळ विचारलं होतं की निरपराधाच्या रक्ताशिवाय ज्याचं समाधान होत नाही तो कसला देव. त्याला सुखानं जगू दिलं नाही.

भाऊ यावर मला म्हणाला, "दादा, तुला कळत नाही. देवानं दुसऱ्याला नाही मारलं. मुलगा म्हणजे देवच. तो स्वतः मेला." बरं. म्हणजे सावकारानं स्वतःच्या खिशातून काढून स्वतःच्या पेटीत भरले. मग वही ठेवलीच कशाला? फाडून टाकायची होती. येशूनं शिष्यांना जी प्रार्थना शिकवली ती भाऊ रोज म्हणतो. तिच्यात रक्त नाही की खंडणी नाही. तिच्यात एवढंच की आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलं तसं तू आम्हाला सोड. शब्द 'ऋण'च आहे, चक्क पैशाचा. ही प्रार्थना वाडीवर कशाला म्हणता? भट्टीच्या शेठच्या ओट्यावर जाऊन म्हणा.

दुसऱ्याच्या जागी मरणं म्हणजे काय ते आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. माझ्या आजानं सांगितलेलं आहे. गावात रोगराई आली की मरीआईला रेडा. रेडा गावभर फिरवायचा, सगळ्या गावाचं संकट त्याच्या अंगावर घालायचं आणि शिवेवर कापायचा. फिरवायचा कुणी? महारानं. कापल्यावर ओढायचा कुणी? महारानं. गाव शुद्ध झालं, रेडा मेला आणि महार विटाळला. ही प्रायश्चित्ताची संपूर्ण प्रक्रिया आम्ही खालच्या बाजूनं पाहिलेली आहे. वरनं ती पवित्र दिसते. खालनं तिचा वास येतो.

रेड्यावर भागलं नाही तिथं माणूस. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाचं काम टिकेना म्हणून पायात महाराचा मुलगा आणि सून जिवंत गाडली, अशी कथा सांगतात. कथेत बापाला मोबदलाही मिळतो. चोखोबा मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंतीखाली सापडून गेला, १३३८ साल सांगतात. भिंत गावाची, आत गाव, बाहेर महारवाडा, आणि भिंतीखाली महार. त्याच्या मरणानं गावाला कुठलं पुण्य लाभलं? आणि शहापूरकरांनो, तुम्ही तानसा विसरलात का? १८९२ साली मुंबईसाठी धरण झालं. मग भातसा. शेतं पाण्याखाली गेली, नळ मुंबईला गेला, आणि एप्रिल-मे महिन्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरच्या मागं हंडे पळतात. मुंबईची तहान भागावी म्हणून कुणाला तहानलेलं ठेवायचं हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नाही. दुसऱ्यासाठी मरायचं काम या देशात नेमून दिलेलं आहे, आणि ते नेहमी त्याच घरांना दिलेलं आहे.

अमेरिकेत डेलोरेस विल्यम्स नावाच्या काळ्या बाईनं १९९३ साली हेच लिहिलं. स्वतः ख्रिस्ती. ती म्हणाली, काळ्या गुलाम बाईनं शतकानुशतकं दुसऱ्याच्या जागी आपलं अंग वापरू दिलं : मालकिणीच्या पोराला दूध, मालकाला शेज, शेतात बैल. तिला आता सांगता की दुसऱ्याच्या जागी दुःख भोगणं हेच सर्वांत पवित्र? त्या शिकवणीनं तिचं शोषण पवित्र होतं. जेम्स कोननं वधस्तंभाच्या शेजारी काळ्यांना फाशी दिलेली झाडं उभी करून दाखवली. आपल्याकडं अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरला शूद्रांच्या धर्मविचाराची मांडणी सुरू केली, पुढं येशू स्वतः दलित होता इथपर्यंत ते आले. म्हणजे हा प्रश्न मी बाहेरून फेकलेला दगड नाही. आतल्या माणसांनी तो विचारलाय. पण प्रचारकाच्या पत्रकात तो येत नाही, पत्रक छापणाऱ्यांना तो परवडत नाही.

आता मजा ऐका. या सिद्धांतातून खरा अर्थ काढणारी माणसं झाली होती. १५२५ साली जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी उठाव केला. मेमिंगेन गावी त्यांनी बारा मागण्यांचा कागद केला. तिसरी मागणी अशी, की ख्रिस्तानं आपलं रक्त सांडून सगळ्यांनाच सोडवलंय, गुराख्याला आणि राजाला सारखंच; तेव्हा आम्ही कुणाचे वेठबिगार नाही. आहे की नाही? लुथरनंच शिकवलं होतं की मुक्ती फुकट आहे. शेतकरी म्हणाले, बरोबर, मग आजपासून फुकट राबणं बंद. यावर लुथर काय म्हणाला? म्हणाला, ही तुम्ही आत्म्याची मुक्ती देहाची करून टाकलीत. गुलाम गुलाम राहूनही ख्रिस्ती असू शकतो. आणि उठाव पेटला तेव्हा त्यानं सरदारांना लिहून दिलं की पिसाळलेल्या कुत्र्याला मारतात तसे यांना मारा. सरदारांनी मारले. हजारोंनी मारले. शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहिलेला धर्मोपदेशक थॉमस म्युन्त्सर, त्याचं डोकं मे महिन्यात उडवलं.

म्हातारा 'लहान आधी फेड' म्हणाला ना, तो मेमिंगेनचाच माणूस. आणि प्रचारकाचं 'हे मोठं कर्ज आहे' हे उत्तर पाचशे वर्षांपूर्वीच तयार होतं.

आपल्या जिल्ह्याचं बघा. ठाणे जिल्ह्यात लग्नगडी होती. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोनं जन्मभर त्याच्या घरी फुकट राबायचं. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, मुरबाड-शहापूरच्या उशाला. तिथनं वारली गेले आणि गोदावरी परुळेकरांसोबत त्यांनी उंबरगाव-डहाणूकडं वेठबिगार बंद पाडली. लग्नगडी त्यांनी स्वतः जाऊन सोडवून आणले. तलवाड्याला ऑक्टोबरात गोळीबार झाला, माणसं मेली. पण त्यांचं मरण कुणाच्या वहीत जमा झालं नाही. त्यांनी वहीच बंद केली. परुळेकरबाई कम्युनिस्ट, आपले आणि त्यांचे खटके जगजाहीर, तरी हे कबूल केलं पाहिजे.

नुसत्या विश्वासानं निर्दोष ठरण्याची दुसरी बाजू तर अजून वाईट. फिर्यादीला आरोपी केलं, तसं खऱ्या आरोपीला काय केलं? त्यालाही तीच सूट. भट्टीचा शेठ उद्या विश्वास ठेवील, रडेल, हात वर करील. झाला नीतिमान. वही तशीच. निर्दोष ठरवण्याचा हा खेळ आम्हाला नवा नाही. बिहारात लक्ष्मणपूर बाथेला १९९७ साली ५८ माणसं मारली, त्यात बाया-पोरं. २०१३ साली हायकोर्टानं दोषी ठरलेले सगळे २६ सोडले. खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली आणि कोर्टाला त्यात जात दिसलीच नाही. निर्दोष, निर्दोष, निर्दोष. आणखी एक कोर्ट वर आकाशात कशाला पाहिजे?

येशू स्वतः असं वागला नाही हे मी भावाला त्याच्याच पुस्तकातून दाखवलं. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे. लुबाडून गबर झालेला. तो उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. रक्ताचा विषय नाही. चौपट! अठरा हजार खोटे चढवले असतील तर बहात्तर हजार. आणि मत्तयात असंही आहे की वेदीवर दान ठेवायच्या आधी ज्या भावाचं तुझ्यावर काही असेल त्याच्याशी जाऊन मिटव. याकोबाचं पत्रही कृतीशिवाय विश्वासाला मेलेला म्हणतं. लुथरनं त्या पत्राला गवताचं पत्र म्हणून हिणवलं. अर्थात हिणवणारच.

जोतिबांना हे दिसलं होतं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस, मिशनऱ्यांच्या उपकाराची जाण असलेला, तरी ख्रिस्ती झाला नाही. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी येशूला दुसरा बळीराजा केला. आमची मराठी बघा कशी आहे. 'बळी' म्हणजे कापून दिलेला जीवही आणि 'बळी' म्हणजे रयतेचा राजाही. एक बळी देवाला देतात, दुसऱ्या बळीला वामन पाताळात घालतो. पहिला बळी मेला की हिशेब मिटतो. दुसरा बळी गेला की हिशेब सुरू होतो, बाया अजून दिवाळीला ओवाळताना त्याचं राज्य परत मागतात. जोतिबांनी येशूला कुठल्या बळीत बसवलं ते नीट बघा. मिशनऱ्यांनी त्याला पहिल्यात बसवलं.

मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. कोतवाल न्हाव्याच्या घरातले, माथेरानचे, वकील झालेले. दर वर्षी लोक तिथं जातात, मीही लहानपणी मास्तरांबरोबर जंगल चढून गेलोय. ते आमच्यासाठी मेले असं आम्ही म्हणतो. पण कुणी असं म्हटलं का की कोतवालांच्या रक्तानं इंग्रजाचं समाधान झालं? की आमचा राजद्रोह त्यांच्या नावावर टाकून आम्हाला निर्दोष सोडलं? येशूलाही रोमच्या शिपायांनीच खिळलं, राज्याला धोका म्हणून. मारणारा कोण ते स्वच्छ दिसतंय. त्या खुनाला देवाची योजना म्हटलं की रोम सुटतं. स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असताना गेले. चौऱ्यांशी वर्षांचा, हात थरथरणारा जेझुइट पाद्री, आदिवासींच्या बाजूनं बोलत होता. ती देवाची योजना होती असं कुणी माझ्यासमोर म्हणून दाखवावं.

एवढं सगळं मी भावाला सुनावलं. शहापूरहून मुरबाडकडं येणाऱ्या एस.टी.त, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तुझं झालं का? आता माझं ऐक. मी दारू पिऊन गटारात पडलो होतो तेव्हा तू कुठं होतास? तू त्या दिवशी जयंतीची वर्गणी मागायला घरी आला होतास. वहिनीनं सांगितलं मी आजारी आहे. तू पावती फाडलीस आणि गेलास. हा प्रचारक तीन रात्री माझ्या उशाशी बसला. त्यानं मला पापी म्हटलं, कबूल आहे. पण शेजारी बसून म्हटलं."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोस्तहो, तुमच्याकडं आहे?

मग तो म्हणाला ते जास्त लागलं. "तुम्हीपण हेच करता. बाबासाहेबांनी सगळं केलं, आपल्यासाठी झिजले, चार पोरं गमावली, आता आपण जय भीम म्हटलं की झालं. घरावर निळा झेंडा लावला की नीतिमान. नोकरी लागली, कॉलनीत फ्लॅट घेतला, भीतीपोटी आडनाव बदललं, पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहिलं की कर्ज फिटलं. हा विश्वासानं निर्दोष ठरणं नाही तर काय आहे?"

हरामखोर खरं बोलत होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. स्वतःच्या धम्मात त्यानं स्वतःला जागा ठेवली नाही. चालायचं तुम्हालाच आहे. आणि आपण काय केलं? मार्ग दाखवणाऱ्याला खंडणी भरणारा करून टाकलं. त्यांचे फाके, त्यांची उपासमार, रमाईच्या गोवऱ्या, सगळं आपल्या खात्यावर पुण्य म्हणून जमा करून घेतलं आणि वर डीजे लावला. महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस २५ डिसेंबर १९२७, नाताळाचा. आज त्या दिवशी आपण एकमेकांना शुभेच्छा पाठवतो आणि घरी बसतो. नाताळ साजरा करणाऱ्यांना मी कुठल्या तोंडानं बोलू?

कातकरी वाडी माझ्या वाड्यापासून पाऊण तासाच्या वाटेवर आहे. मी तिथं पहिल्यांदा गेलो ते प्रार्थनेला, आणि तेही भावानं नेलं म्हणून. आपले लोक त्यांना कातोड्या म्हणतात. भट्टीवर मुकादमही कधीकधी आपलाच असतो, हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. १९७६ साली वेठबिगारी बंदीचा कायदा झाला. त्या कायद्यानं उचलीपोटी बांधून ठेवलेल्या मजुराचं कर्ज रद्द होतं. जबाबदारी कलेक्टरची. देवाच्या वहीतलं कर्ज फिटलं की नाही हे म्हाताऱ्याला मेल्यावर कळेल. शेठच्या वहीतलं मात्र कायद्यानं आधीच रद्द आहे, आणि हे सांगायला पन्नास वर्षांत ना पाद्री त्याच्याकडं गेला ना जयभीमवाला.

दुसऱ्या रविवारी मी परत गेलो. म्हाताऱ्यानं मला ओळखलं नाही. मी कायद्याचं सांगितलं तर म्हणाला, "तूबी पुस्तक घेऊन आलास?" मी म्हटलं, काका, पुस्तक नाही, कोरी वही आहे. तुम्ही सांगा, मी लिहितो. मग तो सांगायला लागला. किती उचल, कुठल्या दिवशी, हजार विटांचा भाव काय ठरला आणि काय लावला, आजारी पडलेल्या दिवसांचे किती कापले, तांदूळ कुठल्या भावानं दिला. त्याला सगळं तोंडपाठ होतं. अडाणी माणूस. बाजूची माणसं गोळा झाली. भाऊ ढोलकी ठेवून आला आणि दुसरी वही घेऊन बसला. प्रचारक थोडा वेळ उभा राहून बघत होता, मग त्यानं विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "जक्कयसाठी." तो हसला नाही. पण गेलाही नाही.

एका वाडीची अकरा घरं लिहून झालीत. दसऱ्याच्या आसपास मुकादम पुन्हा उचल वाटायला येतील, त्याआधी निदान शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या जमतील तेवढ्या वाड्यांचे हिशेब उतरवून तहसील कचेरीत अर्ज टाकायचेत. लिहिता येणारी चार-पाच पोरं पाहिजेत. शंभर पानी वही आणि दोन पेनं आपापली आणा. शनिवारी या. रविवारी दुपारपर्यंत वाडीवर प्रार्थना असते, माणसं मोकळी नसतात.